चाचणीच्या आधीची चापट

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत, सकाळी तांदूळ निवडत बसले असताना माझ्या मुलीनं मला फोनवर एक बातमी पाठवली. मुलांना मारलं की त्यांची बुद्धी कमी होते असं संशोधकांना आढळलं आहे, अशी ती बातमी होती. सोबत एक शब्द नाही. एरवी ती जे काही पाठवते त्याच्या मागंपुढं काहीतरी असतं. 'आई बघ', 'आई करून बघ', 'आई हसू नकोस'. या वेळी नुसती बातमी. मी ताट बाजूला सारलं, चष्मा लावला आणि ती दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली, कारण मला तिच्यात चूक सापडायला हवी होती.

मुलगी तेव्हा चाळिशीला टेकलेली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी होते त्या विभागात ती काम करते, नवरा आणि सात वर्षांची लेक यांच्यासोबत तिकडंच जवळ राहते. मी एकटी शहरात, औरंगाबादेत. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली.

मी तिला लहानपणी मारलेलं आहे. हे वाक्य एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. 'फार नाही' असं त्याला जोडणार होते. पण फार म्हणजे किती, हे मला आजही सांगता येत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. पन्नास पोरांच्या वर्गात माझा हात कधी उठला नाही. आमच्या मुख्याध्यापिका तर म्हणायच्या की या बाईच्या अंगात राग नावाची चीजच नाही. ती चीज मी रोज घरी ठेवून जात होते. दुसऱ्याच्या लेकराला एकच गोष्ट दहा वेळा समजावताना मला कंटाळा येत नसे, आणि माझ्या लेकीला तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की माझं डोकं फिरायचं. असं का, याचा मी खूप विचार केला आहे. एवढंच सापडलं की वर्गातलं पोर मागं राहिलं तर मला वाईट वाटायचं, आणि माझं मागं राहिलं तर मला भीती वाटायची.

ही भीती मला कुणी मारून शिकवलेली नव्हती. माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना बोटही लावलं नाही. ते पिशोरचे, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, कचेरीचा कारभार मराठीत आला, आणि तिशीतल्या या माणसाला, ज्याच्या तोंडी जन्मापासून मराठी होती, मराठी लिहायला मात्र पाटीवर बसून शिकावं लागलं. लहानपणी मी त्यांना अर्ज लिहिताना बघायचे. एकेक अक्षर जपून, काना आधी की वेलांटी आधी असा विचार करत. आमच्यातलं कुणी अभ्यासात अडलं तर ते काही बोलत नसत, नुसते त्याच्याकडं बघत बसत. त्या बघण्यानं माझ्यात काय पेरलं कोण जाणे. मार नव्हता, एवढं नक्की.

माझी लेक दुसरीत गेली आणि आमच्या घरात हातच्याची वजाबाकी आली. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक आणायचं. इथपर्यंत सगळं सुरळीत.

"मग शेजारी किती उरले?" मी विचारायचे.

"चार."

"मग लिही."

ती पाच लिहायची. तोंडानं चार म्हणायची आणि हातानं पाच लिहायची. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा माझा हात तिच्या पाठीत बसायचा. ती रडायची नाही. पेन्सिल आणखी घट्ट धरायची, आणि मग तो पाच कागदावर इतका ठळक उमटायचा की मागच्या पानावरूनही वाचता यावा.

त्याच सुमारास मी नोकरी सांभाळून एम.एड. करत होते. लघुप्रबंधाला विषय हवा होता. मी विषय दिला, पालकांचा मार आणि मुलांची बुद्धी यांचा संबंध. आमचे मार्गदर्शक सर हळू बोलणारे, सुपारी कातरता कातरता ऐकणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "विषय चांगला आहे बाई. पण संबंध कशाला म्हणायचं ते आधी ठरवून घ्या." मी त्यांना सांगितलं की शिक्षकांच्या दृष्टीनं हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. खरं कारण घरी वही उघडून बसलेलं होतं. मला कुणीतरी लेखी सांगायला हवं होतं की मी तिचं काही बिघडवलेलं नाही.

मी तयारी जय्यत केली. शहागंजातल्या एका सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले, त्यांच्या बाजू लाल आणि पांढऱ्या रंगवल्या. कार्डावर नक्षी काढलेली असायची, तशी मुलानं ठोकळ्यांनी जुळवून दाखवायची. काही चित्रं होती, त्यांत एकेक गोष्ट मुद्दाम सोडलेली. कपाला कान नाही, सायकलला साखळी नाही. आणि आयांसाठी एक फॉर्म. मुलाला मारता का? कधीच नाही, कधीकधी, अनेकदा. यांपैकी एकावर खूण करायची.

आणखी एक शहाणपण केलं. ज्या गल्लीत जायचं तिथं आदल्या दिवशी निरोप धाडायचा. उद्या बाई येणार आहेत, मुलांची परीक्षा घेणार आहेत, मुलं घरी ठेवा. म्हणजे हेलपाटा नको. ही कल्पना माझी एकटीची होती आणि मला तिचा अभिमान होता.

शहागंजच्या मागच्या गल्लीत बांगड्यांच्या दुकानदाराचं घर होतं. त्याच्या बायकोनं मला खाटेवर बसवलं, बशीत ओतून चहा दिला आणि माझा प्रश्न ऐकून मोकळेपणानं हसली. "मारती तो! नै मारे तो ये सुनती कहाँ, बाजी? हमारी अम्मा तो हमकू चिमटा फेंक के मारती थी." हे सांगत असताना तिची सहा वर्षांची पोर तिच्या मांडीत लोळत होती, आईच्या हातातल्या बांगड्या वरखाली करत होती. मी विचारलं, किती वेळा मारता? "अब गिनता कौन बैठता, बाजी." मी 'अनेकदा'वर खूण केली. पोरीनं सगळ्या नक्ष्या झटपट जुळवल्या आणि आणखी आहेत का म्हणून पेटीत डोकावली. मी कौतुक केलं तर आई घाईघाईनं म्हणाली, "कुछ नै आता इसकू," आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. नजर लागू नये म्हणून लेकराला मठ्ठ म्हणायची ही रीत हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या घरी होती. माझ्या फॉर्ममध्ये तिला जागा नव्हती.

मग नोकरदारांच्या एका वसाहतीत गेले. दारात तुळस, भिंतीवर कॅलेंडर, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल. तिथल्या बाई म्हणाल्या, "छे हो, आम्ही मुलांना हात लावत नाही." मी 'कधीच नाही'वर खूण केली. त्यांच्या मुलीची केसांची क्लिप निसटली होती, ती नीट करावी म्हणून मी सहज हात वर नेला, तर त्या पोरीनं गच्च डोळे मिटून घेतले. तिच्या आईनं ते पाहिलं, मीही पाहिलं. मी खूण बदलली नाही, कारण फॉर्म आईच्या सांगण्यावर भरायचा होता. आणि त्या मिटलेल्या डोळ्यांची मला चांगलीच ओळख होती, ती कुठून हे मला कुणाला सांगायचं नव्हतं.

पिशोर माझं माहेर. तिथं मला कुणी बाई म्हणत नाही, अक्का म्हणतात. अंगणवाडीतल्या ताईनं आदल्या दिवशी निरोप पोचवला होता. सकाळी नऊच्या सुमाराला मी एका घरी गेले. पाच-साडेपाच वर्षांची पोरगी ओसरीवर पोत्यावर बसलेली. न्हाऊमाखू घातलेली, घट्ट दोन वेण्या, कडक इस्त्रीचा फ्रॉक, आणि बसली होती अशी की हलली तर काहीतरी सांडेल. मी ठोकळे मांडले. तिनं हात पुढं केला, मागं घेतला. सोपी नक्षीसुद्धा जमेना. मधूनच तिला एक उचकी येत होती, आणि ती पाण्याची उचकी नव्हती.

मी तिच्या आईला विचारलं, "हिला बरं नाही का?"

"चांगली हाय की," आई म्हणाली. "तुमी येनार म्हनून फाटंच उठवली. न्हाऊ घातली. ह्यो फ्रॉक घाल म्हनलं तर घालंना, भोकाड पसरलं. मंग दिल्या दोन ठिवून. आता बगा कशी गुमान बसलीय."

ती हे मला खूश करायला सांगत होती. पाहुणी येणार, शिकलेली, गावची लेक, तिच्यापुढं पोर नीट बसायला हवं म्हणून तिनं पोराला नीट बसवलं होतं. मी ठोकळे तसेच सोडले आणि शेजारच्या घरी गेले. तिथंही विचारलं. व्हय, एक दिली सकाळी, नाक पुसू देत नव्हता. तिसऱ्या घरी गेले. लई नाय अक्का, एकच, गप बसावा म्हनून.

मी वेशीजवळच्या पारावर जाऊन बसले. चाचणी घ्यायला मी येणार, या निरोपानंच घरोघरी चापट्या वाटल्या गेल्या होत्या. शहागंजातही तसंच झालं असणार, मी विचारलंच नव्हतं. ज्या मुलांना सकाळी रट्टा बसला ती ठोकळ्यांपुढं थिजून बसली, आणि मी त्यांच्या नावापुढं कमी गुण लिहून बुद्धी मोजली म्हणत होते. मी मोजली होती ती नऊ वाजताची भीती. आणि ती पाठवली होती मीच, आदल्या दिवशी, निरोपासोबत.

चार दिवसांनी कुणाला न सांगता मी पुन्हा पिशोरला गेले. ती पोरगी अंगणात उकिडवी बसून चिंचोक्यांचे ढीग लावत होती, काळे एकीकडं, तांबूस एकीकडं. मळका परकर, वेण्या सुटलेल्या. मी तिच्याशेजारी मातीतच बसले आणि ठोकळे काढले. तिनं सगळ्या नक्ष्या जुळवल्या. शेवटची तर कार्डाकडं एकदाच बघून. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अजून दे." मला इतकं भरून आलं की मी तिला जवळ घेतलं, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही, कारण मध्ये चिंचोक्यांचा ढीग मोडला.

मी हे सरांना सांगितलं तेव्हा मला वाटत होतं की मी मोठा शोध लावून आले आहे. सरांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. "दुसऱ्यांदा केलं म्हणूनही जमलं असेल," ते म्हणाले. "तिनं ते ठोकळे आधी पाहिले होते ना?"

ते बरोबर होतं.

मग ते मला समजावत राहिले, आणि मला आठवतं त्याप्रमाणे त्यांचं म्हणणं असं होतं. मार खाणाऱ्या मुलांचे गुण कमी दिसतात, हे दिसणं खरं असेल. पण कोण कुणाच्या मागं चाललंय ते त्यात दिसत नाही. मारामुळं मूल मागं पडतं, की मागं पडणाऱ्या मुलावरच आईचा हात जास्त उठतो? की घरातली ओढाताणच अशी असते की तिच्यापायी मारही वाढतो आणि अभ्यासही होत नाही? तीनही असू शकतं, एकाच घरात, एकाच दिवशी. "आणि खात्री करून घ्यायची म्हटली," सर म्हणाले, "तर निम्म्या आयांना मारा म्हणायला हवं आणि निम्म्यांना मारू नका. असा प्रयोग कोण करणार? करूही नये."

मला हे फार आवडलं. खरं सांगते, त्या दिवशी मी सायकलवरून घरी येताना जवळजवळ गात होते. कुणालाच नक्की सांगता येत नाही म्हणजे माझ्यावरही काही सिद्ध होत नाही. मागं पडणाऱ्या मुलावरच हात उठतो, हे वाक्य तर मी खास जपून ठेवलं. म्हणजे तिला आधीच गणित येत नव्हतं, मग मी मारलं. आधी ते, नंतर हे.

पुढच्या रविवारी मी स्वैपाकघरात होते आणि माझ्या लेकीनं माझी ती पेटी उघडून ठोकळे जमिनीवर ओतले. एक ठोकळा माझ्या पायाखाली आला, हातातलं दूध सांडलं, आणि माझा हात चालला. मग ती इतकी गप्प झाली की मलाच ते सोसेना. काहीतरी गोड करावं म्हणून मी म्हणाले, चल, आपण खेळू. मी कार्डं मांडली. तिनं पहिली नक्षी चुकवली, दुसरी चुकवली. आणि मी, सगळं माहीत असलेली मी, पिशोरच्या पारावर बसून आलेली मी, तिचे गुण कागदावर लिहीत गेले. बेरीज केली. ती तिच्या वयाच्या मुलांपेक्षा बरीच खाली आली.

ती चापटीची बेरीज आहे, हे डोक्याला कळत होतं. पण मन दुसरंच काही विचारत होतं. ही खरंच अशी असेल तर? आणि अशी असेल, तर ती माझ्यामुळं असेल तर? मी तो कागद फाडून चुलीत घातला. तिला पुन्हा कधी ठोकळे दिले नाहीत, चांगल्या दिवशीसुद्धा नाहीत. पुन्हा कमी आले असते तर मी काय करणार होते? लघुप्रबंधही तिथंच सोडला. घर आणि नोकरी सांभाळून जमेना, असं सगळ्यांना सांगितलं. यांनीही तेच खरं धरलं. ते शेतकी खात्यात होते, महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. पुढं ते कौतुकानं लोकांना सांगायचे की हिनं मुलांना मारण्यावर अभ्यास केला आहे.

हात मात्र त्या रविवारनंतर उठला नाही. चांगुलपणा म्हणून नाही, धसका घेतला म्हणून. माझी लेक पुढं शिकली, बरी शिकली, फार वर नाही, खाली नाही. तिची प्रत्येक गुणपत्रिका बघताना माझ्या मनात एकच विचार यायचा, मी नसतं मारलं तर इथं किती गुण असते? त्याचं उत्तर कुठल्याच शास्त्राकडं नाही. जी न मारलेली माझी लेक, ती तर कुठं वाढलीच नाही, तिच्याशी हिची तुलना कशी करणार.

आणि आता ही बातमी, तिच्याकडूनच, एका शब्दाविना. माझी खात्री पटली की हा जाब आहे. चाळिशीत माणूस मागं वळून बघतं, तसं तिनं बघितलं असणार. मी अर्धा तास बसून तिला उत्तर लिहिलं. बोट दुखेपर्यंत लिहिलं. की या बातमीवरून कारण आणि परिणाम ठरत नाही. की ज्या मुलाला लवकर उमजत नाही त्यालाच जास्त मार बसत असेल. की संशोधक घरची परिस्थिती, आईचं शिक्षण असं सगळं ध्यानात घेतात, वर्षानुवर्षं तीच मुलं पाहतात, तरीही काहीतरी निसटतंच. की आया फॉर्ममध्ये खरं सांगत नाहीत, आणि सांगितलं तर सगळ्यांचं 'कधीकधी' सारखं नसतं. की उमजायला वेळ लागणं आणि बुद्धी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजही मी त्यातलं एकही मागं घेणार नाही. मी ते पाठवून दिलं आणि लगेच मला त्याची लाज वाटली, कारण त्या हातभर मजकुरात तिचं नाव एकदाही आलं नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मागं यंत्रांची घरघर होती.

"आई, एवढं लांबलचक काय लिहिलंस?"

"तू बातमी पाठवलीस म्हणून."

"मी तुला त्यासाठी नव्हती पाठवली गं." ती म्हणाली. "काल मी हिला मारलं."

हिला म्हणजे माझ्या नातीला. मग ती सांगत गेली. घड्याळ शिकवत होते. पावणे आणि सव्वा तिला उमजतच नाहीत. पावणेपाचला सव्वापाच म्हणत राहिली, दहा वेळा सांगितलं, कामावरून दमून आले होते, आणि पाठीत एक दिली. "जोरात नाही. म्हणजे मला वाटतं, जोरात नाही. आणि सकाळी ही बातमी दिसली. लगेच तुला पाठवली. बाबा सांगायचे ना, तू यावर अभ्यास केला होतास म्हणून. आई, खरंच तिचं डोकं कमी होईल का?"

माझ्याकडं याचं उत्तर तयार होतं. सकाळीच लिहून काढलेलं. एका चापटीनं काही होत नाही गं, असं म्हणायला मी तोंड उघडलंही. तिला तेवढंच हवं होतं, तिला बरं वाटलं असतं. पण ते सगळे युक्तिवाद मी माझ्यासाठी गोळा केले होते, आणि आता तिच्या हातात द्यायचे म्हटल्यावर मला कळलं की ते दिले तर उद्या तिचा हात पुन्हा उठेल.

"डोक्याचं मला माहीत नाही," मी म्हणाले. "ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. पण दुसरं एक सांगते. तू दुसरीत होतीस तोवर वही घेऊन माझ्याकडं यायचीस. नंतर ओट्यावर बसून बाबांची वाट बघायला लागलीस. बाबा दौऱ्यावर असले की गणितं तशीच राहायची. चार दिवस, आठ दिवस. घरात शिक्षिका असून. ते माझ्यामुळं झालं. त्याला संशोधन लागत नाही."

"मला वाटायचं, तुझ्या ध्यानातच आलं नाही," ती म्हणाली.

"आलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, येशील परत. आपण होऊन."

"आज सकाळी हिनं किती वाजले ते आपल्या बाबाला विचारलं," ती म्हणाली. "मी समोर होते."

"मग तू जा तिच्याकडं. ती यायची वाट बघू नकोस. मी बघत बसले, आणि ते वाट बघणं आयुष्यभर पुरलं. मी जायला हवं होतं तुझ्याकडं. चुकलं माझं गं."

हे एवढं सोपं वाक्य होतं. ते म्हणायला मी लाकडी ठोकळे केले, फॉर्म छापले, पिशोरला दोनदा जाऊन आले, आणि तरी मला इतकी वर्षं लागली. ती रडत होती की काय ते त्या घरघरीत कळलं नाही. मग तिनं नाक ओढलं.

"साडेपाचला सुटते मी," ती म्हणाली. "आज ये ना. आधी तू माझ्याकडं ये, मग मी तिच्याकडं जाते."

मी चारलाच निघाले.